हाय का न्हाय

कारगिलकडून, जुलै १९९९

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. गडमुडशिंगीत सगळी बरी असशीला. सुमे, आईला हे मोठ्यानं वाचून दाखव, मधलं गाळू नको.

आई, लढाई संपत आली हाय. एकच डोंगर उरलेला, किल्ल्यागत. त्याला वेढा घालून बसून बसून वीट आला. जेवण मात्र वेळेवर मिळतंय.

शत्रूला हिंदी कळती, म्हणून साहेबांनी शक्कल काढली, वायरलेसवर गावाकडचं बोला! मग गडहिंग्लजच्या चन्नवीरला आणि मला वर बघायला धाडलं. वर चिटपाखरू न्हाय, सगळी पळालेली. खालनं नाशिकचा निकम विचारतोय, "वर कुणी आहे का?" चन्नवीर म्हणाला, "न्हाय." वायरलेसच्या घरघरीत निकमला ऐकू आलं, "हाय." झालं! आपल्याच तोफा आमच्यावर सुरू! हा बोंबलतोय "न्हाय, न्हाय", खाली ऐकत्यात "हाय, हाय"! शेवटी त्यानं निकमला आपल्या घरच्या कानडीत शिव्या घातल्या, तवा कुठं वर आमीच हाय हे त्यांच्या ध्यानात आलं. काय म्हणायचं या माणसांना!

माझे कान तेवढे बसल्यात, बाकी धडधाकट हाय.

फोन करत न्हाय म्हणून रागवू नको. आबांचा दमा कमी हाय का न्हाय, हे आता फोनवर विचारायचं धाडस होत न्हाय. लिहूनच कळव.

सुमे, आता आईच्या कानापाशी जा आणि एवढं नीट वाच: तुझा आनंदा हाय.