केराच्या जटेचा जाहीर कार्यक्रम

१ मे १९७५, बोरहट्टी

पोचलो. एसटी फाट्यावर सोडते, पुढे तासभर चाल. ट्रंक स्वतः वाहिली. थोर माणसांची सुरुवात अशीच होते.

गाव अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. मिशनची शाळा, दोन खोल्या, एक लिंब. सुट्टीत पोरं शेरडांमागे पांगू नयेत म्हणून उन्हाळी वर्ग. त्यासाठी आख्ख्या कॉलेजातून एकच व्हॉलंटियर आला, मी. बाकीच्यांना ऊन बाधतं. निघताना अप्पा म्हणाले, केमिस्ट्रीत गचकलास ते आधी बघ की. अप्पांचं जग शुक्रवार पेठेतल्या दुकानाच्या उंबऱ्याशी संपतं.

शाळा शिवम्माबाई सांभाळतात. पन्नाशीच्या, ख्रिस्ती, बोलणं मात्र गावासारखंच. मी पोचल्यावर करायचं छोटं भाषण पाठ करून आणलं होतं. बाईंनी आधी विचारलं, जेवलासा का. भाषण राहिलं.

संकल्प: पाचला उठणे. सूर्यनमस्कार. पोरांना महिन्यात इंग्रजी. गावातून अंधश्रद्धा हद्दपार. केमिस्ट्री रोज दोन तास.

२ मे

साडेआठला उठलो. प्रवासाचा शीण. सूर्यनमस्कार उद्यापासून, आता सूर्य फार वर आला.

पोरं माझ्याकडे आणि मी पोरांकडे बघत बसलो. एकच पोरगी चुणचुणीत, केरा. दहाएक वर्षांची. फळ्यावर लिहायच्या आत वाचते. मानेवर मात्र भली मोठी जट, सुंभाच्या वेटोळ्यासारखी. विचारलं, विंचरत का नाहीस? एक पोरगं म्हणालं, देवीची हाय ती सर, हात लावू नगा.

अंधश्रद्धा! पहिल्याच दिवशी समोर चालत आली. नशीब लागतं.

४ मे

दुपारी बाईंच्या खोलीत पाणी प्यायला गेलो. केरा त्यांच्यापुढे मान वाकवून बसलेली. बाई जटेत तेल मुरवत होत्या आणि दाभणाच्या टोकाने एकेक केस सोडवत होत्या. मला पाहून दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. लिहून ठेवतो.

केराला बाप नाही. आई राजाबाई भावाच्या दारात राहते. भाऊ म्हणजे सिद्धाप्पा. जट आली तशी सिद्धाप्पाने धोशा लावला, देवीनं बोलावलंय, पोरीला देवीला सोडू. सोडलेल्या पोरीचं लग्न होत नाही. शाळा तर नाहीच. गळ्यात लाल-पांढरे मणी आणि हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा, तो मामाच्या घरात पडायचा. आणि मोठी झाली की, बाई म्हणाल्या, आख्खा गाव तिचा मालक. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

जट कापली तर देवीचा कोप. त्यात मिशनच्या बाईनं कापली म्हटल्यावर शाळाच पेटवतील. पण जट आपोआप गळाली तर देवीनंच मोकळं केलं असं इथं मानतात. मग कुणी काही म्हणत नाही, सिद्धाप्पासुद्धा नाही. म्हणून बाई चैत्रापासून रोज थोडी थोडी सोडवतायत. मुळाशी थोडीच उरलीय. महिनाअखेर गळेल म्हणाल्या. राजाबाईला ठाऊक आहे, पण ती बघून न बघितल्यासारखं करते.

बाई हात जोडून म्हणाल्या, सर, हे बाहेर बोलायचं न्हाय हं.

मी म्हणालो, माझ्या पोटात आख्खी विहीर मावते.

५ मे

रात्रभर विचार केला (दहाला डोळा लागला). बाईंचा हेतू चांगला, पद्धत चुकीची. दार लोटून केलेली सुधारणा ही काय सुधारणा झाली? सुधारणा चारचौघांत हवी. भाषण हवं, फोटो हवा. जट आपोआप गळाली तर अंधश्रद्धा आहे तिथेच राहणार. बाईंना हे पटवावं लागेल. हळूहळू.

सूर्यनमस्कार तीन. चौथ्याला कमरेत भरलं.

८ मे

सिद्धाप्पाची ओळख झाली. मी समजत होतो राक्षस असेल. अत्यंत सभ्य माणूस! शाळेसमोर शेरडं घेऊन बसतो, हळू बोलतो, मला साहेब म्हणतो. शेळीचं दूध आणून दिलं. म्हणाला, तुमी शिकलेली माणसं, आमाला काय कळतंय. अशी नम्रता शहरात उरलेली नाही.

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, ते दूध पिऊ नका. जुन्या माणसांचे पूर्वग्रह जाता जात नाहीत.

दूध दाट होतं.

११ मे

इंग्रजी जोरात. पोरांना ‘कॅट’ येतं. केराला आख्खा धडा येतो, पण तो तिला आधीच येत होता.

सिद्धाप्पा रोज येतो. आज दोन तास माझ्याशी बोलला, म्हणजे मी बोललो. केस, केसांची मुळं, तेल, मळ, सगळं विज्ञान सांगितलं. त्याने विचारलं, मंग जट सुटती म्हणता? मी म्हटलं सुटते म्हणजे काय, सुटत आलीये, तेल आणि दाभण, देवीबिवी काही नाही, बाई रोज दुपारी सोडवतातच की. तो खाली बघून बराच वेळ काडीने माती उकरत बसला. विचारात पडला होता. माझा पहिला अनुयायी.

थोडं जास्त बोललो का? नाही. विश्वासाने विश्वास वाढतो.

१२ मे

केरा आली नाही. ताप, असं कळलं.

१३ मे

आली. गालावर वळ. शेरडाची धडक बसली म्हणाली. दुपारी बाईंच्या खोलीत गेली नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो, बाहेर काहीच नव्हतं.

बाईंनी शेवटी विचारलं, सर, कुणाला बोललासा का? मी म्हणालो, बाई, तुम्ही मला ओळखत नाही. हे अगदी खरं आहे.

१५ मे

निर्णय! आता गुपित राहिलेलंच नाही (कसं फुटलं देव जाणे), तेव्हा उघडपणे मैदानात उतरायचं. २६ मे, सोमवार, सकाळी दहा, शाळेच्या अंगणात ‘जट-निर्मूलन जाहीर कार्यक्रम’. सरपंच रुद्रप्पा अध्यक्ष. मी प्रमुख वक्ता. कात्री मीच चालवीन. सोलापूरहून कॉलेजातल्या मानसिंगला कॅमेरा घेऊन बोलावलंय. कॉलेजच्या वार्षिक अंकात दोन पानं तरी येतील.

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, सगळं घालवलंसा. मी म्हणालो, बाई, धीर धरा.

१८ मे

सरपंच अध्यक्ष व्हायला तयार. म्हणजे बघू म्हणाले. म्हणजे हसले. खेड्यात होकार असाच देतात.

सिद्धाप्पाने तारीख विचारली. सांगितली. म्हणाला, पुनवंच्या आधी न्हाय न्हवं? मी म्हटलं छे, पौर्णिमा पंचवीसला, आपलं सव्वीसला, आधी मानसिंगला सवडच नाही. त्याने पुन्हा खात्री करून घेतली. मग म्हणाला, झ्याक झालं साहेब. इतका खूष माणूस या गावात पहिल्यांदा पाहिला.

२० मे

गावात उत्साह. राजाबाईच्या दारात शेण-सडा, भिंतीला गेरू. केरासाठी नवं हिरवं लुगडं आणलंय, हिरव्या बांगड्या भरल्यात. कार्यक्रमासाठी! फोटोत हिरवा रंग काळा येतो, हे मी राजाबाईला सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. लाजली.

संध्याकाळी त्यांच्या घरी कुणीतरी देवीच्या गाण्यांसोबतचं चौंडकं वाजवत होतं. तालीम असावी. नुसतं भाषण रूक्ष होतं हे खरंच.

केमिस्ट्री: पुस्तक सापडलं.

२२ मे

बाईंनी राजाबाईला दोनदा गाठलं. सिद्धाप्पाने दारातून परत लावलं. आज बाई सोलापूरला गेल्या. मिशनच्या मोठ्या साहेबांना भेटणार, कलेक्टर कचेरीत जाणार, जमलं तर पोलीस घेऊन येणार. मी म्हटलं, पोलिसांची काय गरज, खुर्च्या मांडायला पोरं आहेत. त्या पिशवी भरत राहिल्या.

जाताना मात्र माझा हात धरला. केरा सकाळी हातपंपावर आली होती, तिथूनच तिला त्यांनी शाळेत आणून ठेवलंय. म्हणाल्या, मी येईपर्यंत हिला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं न्हाय. कुणी येऊ दे. आई येऊ दे, मामा येऊ दे. एवढं एक करा.

मी छातीवर हात ठेवला.

२३ मे

केरा खोलीतून बाहेर येत नाही. मी बाहेर बसून भाषण लिहितो. सुरुवात जमत नाही. ‘बंधुभगिनींनो’ लिहिलं, मग ऊन आलं.

दुपारी तिने दारातून विचारलं, सर, मामा आला तर सोमवारी परीक्षा हाय म्हनून सांगाल का? मी म्हटलं, परीक्षा नाही तर कसं सांगणार? शिक्षकाने खोटं बोलू नये. तिला तत्त्व समजावून सांगितलं. ती व्हय म्हणाली. हुशार आहे, लगेच समजतं.

२४ मे, दुपार

सिद्धाप्पा आला. फाटकाबाहेर उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. केवढं सौजन्य. म्हणाला, पोरीला न्हाऊ घालायचंय, सोमवारी चारचौघांत बसायची, आईला हौस हाय. उद्या सांजच्याला आणून सोडतो.

मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय की सोडू नका. तो म्हणाला, हितं मालक बाई हाय का तुमी?

त्याच्यामागे चार-पाच माणसं उभी होती. एकाच्या हातात काठी होती, शेरडांसाठी असावी, शेरडं दिसली नाहीत. शिवाय न्हाणं आवश्यकच. फोटो आहे.

केराला हाक मारली. ती येईना. बाईंच्या पलंगाचा पाय धरून बसली होती. बोटं सोडवावी लागली. मी सांगितलं, अगं उद्या येणारच आहेस. अर्ध्या अंगणात ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला.

मुद्दाम नोंद: निर्णय सर्व बाजूंनी विचार करून घेतला.

२५ मे

संध्याकाळपर्यंत केरा आली नाही. न्हाणं चाललं असेल. उद्या थेट कार्यक्रमालाच येईल.

भाषण पूर्ण. वीस मिनिटं. शेवटी टाळ्यांसाठी जागा ठेवलीय.

२६ मे

मानसिंग आठलाच आला. खुर्च्या मांडल्या. हार, कात्री, तबक. दहा वाजले. साडेदहा. सरपंच नाहीत. कुणीच नाही. मानसिंगने माझा कात्रीसहित एक फोटो काढला, रीळ फुकट जायला नको म्हणून.

अकराला सिद्धाप्पाच्या घराकडे गेलो. कडी. शेरडं शेजारणीकडे. ती म्हणाली, परवाच गेली की सगळी, देवीच्या डोंगराला, ट्रक करून. काल पुनवंला मनी बांधलं असतील. तुमाला म्हाईत न्हाय? तुमीच सोडली न्हवं पोरीला.

बारा वाजता बाई आल्या, बरोबर एक हवालदार. अंगणातल्या खुर्च्या पाहिल्या. मला विचारलं, केरा? मी सुरुवातीपासून नीट सांगायला लागलो. फाटकाशी सिद्धाप्पा सभ्यपणे बोलला, मीही सभ्यपणे. त्यांनी पुढचं ऐकलं नाही. त्यातल्याच एका खुर्चीवर बसल्या. हवालदार म्हणाला, आता काय उपेग न्हाय बाई. त्याला चहा दिला.

मला वाटलं बाई ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, माझं उत्तर तयार होतं.

२८ मे

वर्गात चार पोरं. पोरी एकही नाही.

बाई माझ्याशी बोलत नाहीत. जेवण मात्र वाढतात. मीच विषय काढला, म्हटलं पद्धत बरोबर होती, तारीख चुकली. कार्यक्रम पौर्णिमेआधी घ्यायला हवा होता, मानसिंगमुळे घोळ. बाई ताट उचलून गेल्या. त्यात माझी अर्धी भाकरी होती.

३० मे

परत आलेत. सकाळी हातपंपाजवळ गर्दी दिसली म्हणून गेलो. मध्ये केरा. हिरवं लुगडं, ते पायात येत होतं. गळ्यात मणी, हातात परडी, कपाळभर भंडारा. सिद्धाप्पा शेजारी. बाया-बापे एकेक करून तिच्या पाया पडत होते. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा.

मी म्हणालो, केरा, उद्यापासून वर्गाला ये. ती परडीकडे बघत राहिली.

सिद्धाप्पा म्हणाला, साहेब, आता नाव घेऊन हाक मारायची न्हाय. पाया पडा की. सगळी गर्दी माझ्याकडे वळली. काठीवालाही होता.

चारचौघांत उगाच वाद नको. पाहुण्याने गावाची रीत मोडू नये. मी वाकलो.

तिने पाय मागे घेतले. अगदी हळू म्हणाली, तुमी नगा, सर.

तरी मी पडलो. एकदा वाकल्यावर तसंच उठणं बरं दिसलं नसतं.

ट्रंक भरली. उद्या पहाटेची एसटी, फाट्यापर्यंत चालत. बाईंना सांगितलेलं नाही.