लासूर स्थानकावर थांबलेली गाडी आणि ‘रिकामी’ खोली क्रमांक तीन

दि. ३ मार्च २०२५

प्रति,
मा. मिळकत व्यवस्थापक,
सार्वजनिक सभागृह विभाग,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : डॉ. सूर्यभान गायके, निवृत्त प्राध्यापक (इतिहास), सचिव, मीटरगेज मित्रमंडळ, पुंडलिकनगर.

विषय : पुंडलिकनगर सभागृहातील खोली क्रमांक ३ मोडक्या खुर्च्या साठवण्यासाठी ताब्यात घेण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : (१) आपल्या विभागाचे मिळकत निरीक्षक श्री. रामकिसन बोडखे यांचा पाहणी अहवाल, दि. ४ फेब्रुवारी २०२५.
(२) त्यावर विसंबून काढलेला आपला आदेश, दि. १७ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

संदर्भ क्र. १ मध्ये पुढील विधान आहे : “दि. ४ रोजी सकाळी ११.०० ते ११.१० या वेळेत प्रत्यक्ष पाहणी केली असता खोली क्रमांक ३ पूर्णतः रिकामी, विनावापर व धूळग्रस्त आढळली. पाहणीसमयी खोलीत कोणीही इसम हजर नव्हता.” या विधानाच्या आधारे आपण सदर खोलीची किल्ली दि. १० मार्चपूर्वी जमा करण्याचा आणि तेथे विभागाच्या एकशे ऐंशी मोडक्या खुर्च्या रचण्याचा आदेश दिला आहे. अर्जदाराने एकतीस वर्षे इतिहास शिकवला. त्या काळात बनावट सनदा आणि मागाहून जुळवलेल्या वंशावळी त्याच्या हाताखालून पुष्कळ गेल्या. त्यांच्या कर्त्यांविषयी एक गोष्ट आदराने सांगावी लागते. ते खोटे लिहीत, पण लिहिण्यापूर्वी विचार करीत. सदर अहवालात ही पायरी गाळलेली असल्यामुळे त्याचे परीक्षण पुढे क्रमाने सादर करीत आहे.

१. “कोणीही इसम हजर नव्हता.” या वाक्याच्या बरोबर खाली दोन पंचांच्या सह्या आहेत. कोणीही नसलेल्या खोलीत पंच कोठून आले, हा प्रश्न अहवालकर्त्यास पडलेला नाही. पहिली सही श्री. कारभारी औताडे, निवृत्त स्टेशनमास्तर, यांची आहे. दुसरी श्रीमती द्वारकाबाई तुपे, निवृत्त परिचारिका, यांची. दोघेही मंडळाचे सभासद असून त्या दिवशी खोलीतच होते. श्री. औताडे यांना चौतीस वर्षांच्या नोकरीने अशी सवय लावली आहे की पुढे येईल त्या कागदावर ते सही करतात आणि शेजारी वेळ घालतात. नातीच्या साखरपुड्याच्या यादीवरही त्यांनी वेळ घातली होती. प्रस्तुत अहवालावर त्यांची वेळ १३.४२ अशी आहे. पाहणी तर ११.१० लाच संपली होती. श्रीमती तुपे यांना सही करण्यापूर्वी कागद वाचला होता काय असे विचारले असता त्यांनी “कोरा होता. काय वाचू?” असे उत्तर लिहून दिले. ते सोबत जोडले आहे.

२. “पूर्णतः रिकामी.” खोली बावीस फूट लांब व चौदा फूट रुंद आहे. तिच्यात रोटेगाव ते दौलताबाद हा मीटरगेज लोहमार्ग, सन १९८९ मध्ये होता तसा, सहा स्थानकांसह छोट्या प्रमाणात उभा आहे. तो उभारण्यास मंडळाला नऊ वर्षे लागली. त्याच्या टोकाशी दौलताबादचा किल्ला कागदाच्या लगद्यातून केलेला असून तो माणसाच्या छातीला लागतो. अहवालकर्त्यास हा किल्ला आढळला नाही. हा किल्ला घेताना मोठमोठी सैन्ये टेकीला आल्याचे वाचनात आहे. परंतु तो दिसलाच नाही, अशी सबब एकाही सेनापतीने सांगितलेली नाही.

“धूळग्रस्त” या शब्दाचाही खुलासा आवश्यक आहे. खोलीत धूळ आहे. ती लासूर स्थानकाच्या आवारातून पिशवीत भरून आणलेली, चहाच्या गाळणीने गाळलेली आणि डिंकाने बसवलेली आहे. तिला झाडू लागू नये म्हणून सफाई कामगार साळूबाई यांना आम्ही दर दिवाळीला हात जोडतो. महोदय, ती धूळ नाही, ते लासूर आहे.

३. “११.०० ते ११.१०.” येथे मंडळाची कामाची पद्धत सांगणे भाग आहे. आमच्या खोलीत प्रेक्षक नसतो. जो आत येईल त्याने मोकळ्या असलेल्या स्थानकाची खुर्ची घ्यावी आणि ड्यूटी करावी, असा नियम आहे. प्रत्येक गाडीची येण्याची व सुटण्याची वेळ स्टेशनमास्तराने रजिस्टरात सहीनिशी लिहायची. एका स्थानकाने दुसऱ्याशी टेलिफोनवरच बोलायचे, मग दोघांमध्ये चारच फूट अंतर का असेना. श्रीमती तुपे कंट्रोल सांभाळतात आणि टेलिफोनवरील प्रत्येक वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवतात. त्यांनी अडतीस वर्षे रुग्णांचे ताप दर तासाला लिहिले आहेत. ऐकलेले न लिहिणे त्यांना जमत नाही.

दि. ४ रोजी अर्जदार रोटेगावला, श्री. औताडे पोटूळला आणि निवृत्त इंजिन ड्रायव्हर श्री. गुलाम दस्तगीर गाडीवर होते. लासूर मोकळे होते. श्री. बोडखे यांनी ती खुर्ची ११.०५ ला घेतली. त्यानंतर १६.१० पर्यंत रजिस्टरात लासूरच्या रकान्यात त्यांच्या एकतीस सह्या आहेत. आरंभीच्या घाईच्या आहेत. अकराव्या सहीपासून त्यांनी नावाखाली दोन रेघा ओढण्यास सुरुवात केलेली दिसते. समकालीन साधन म्हणून कंट्रोलच्या वहीतील काही नोंदी उद्धृत करतो :

११.०६, लासूर : “मी बसत नाय हो. दोन मिनिटांचं काम हाय, खोली बघायची अन् निघायचं.”
११.०६, कंट्रोल : “बसा. उभ्यानं गाडी घेता येत नसती.”
१२.०५, लासूर : “पोटूळ, माझी गाडी कव्हा घेता? पाशिंजर खोळंबलेत इथं.”
१२.०६, पोटूळ : “पाशिंजर प्लास्टिकचे हायत, बोडखे. त्यांना दम हाय. तुम्हालाच नाय.”
१४.३०, ड्रायव्हर दस्तगीर : “मास्टरसाब, सिग्नल देरे क्या नक्को? मैं यहींच बिस्तरा डालतौं.”
१४.३१, लासूर : “चाचा, जरा दमानं. मालगाडी आडवी हाय, अन् माझा पहिलाच दिवस हाय.”
१४.३२, कंट्रोल : “चाचा, नवीन मास्तरला रडवू नका. चहा पाठवलाय.”
१५.१५, लासूर (स्वतःच्या मोबाइलवर) : “साहेब, साइटवर हाय मी. नाय, आत्ता निघता येत नाय. लई गर्दी हाय इथं.”

शेवटच्या नोंदीतील ‘साहेब’ कोण, हे अर्जदारास ठाऊक नाही. आपल्यास आठवत असल्यास आदेशावर सही करताना ते का आठवले नाही, याचा स्वतंत्र खुलासा व्हावा. रिकाम्या खोलीत लई गर्दी असल्याचे उदाहरण अर्जदारास कोणत्याही बखरीत सापडलेले नाही, आणि बखरींत पुष्कळ काही सापडते.

४. याहून गंभीर बाब पुढेच आहे. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा देतो. गोळा हातात नसेल तर गाडी जागची हलत नाही. आमचा गोळा बेअरिंगमधील छर्‍याचा, बोराएवढा असतो. लासूर ते पोटूळ टप्प्याचा असा एकच गोळा आहे. १६.१० ला श्री. बोडखे यांनी तो पॅसेंजर गाडीसाठी काढला, तेवढ्यात पुन्हा मोबाइल वाजला, आणि ते तो गोळा शर्टाच्या खिशात टाकून जिना उतरले.

त्या क्षणापासून गाडी लासूरला उभी राहिली. ती हाताने ढकलावी अशी सूचना बाहेरील एका हितचिंतकाने केली. त्यांना पुन्हा बोलावलेले नाही. दुसरा गोळा करून घेण्याचा विचार श्री. औताडे यांनी ऐकूनही घेतला नाही. एका टप्प्याचे दोन गोळे म्हणजे दोन गाड्या समोरासमोर, असे ते म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. गोळा हरवल्यास कागदी परवाना देऊन गाडी काढता येते, असा नियम आहे. परंतु त्यासाठी गोळा कोठे आहे हे अज्ञात असावे लागते. आमचा गोळा कोठे आहे हे सर्वांना ठाऊक होते. हरवलेल्या गोळ्यासाठी नियम आहे, निरीक्षकाच्या खिशातील गोळ्यासाठी नाही. परिणामी चार ज्येष्ठ नागरिक तीन आठवडे रोज सकाळी अकराला आले, आपापल्या स्थानकावर बसले, “लाइन बंद” अशी नोंद केली, चहा घेतला आणि चारला घरी गेले. श्री. दस्तगीर, वय ८१, उभ्या गाडीपाशी थांबून राहिले. ड्रायव्हर गाडी सोडून जात नाही, एवढेच ते म्हणत. श्रीमती तुपे यांनी त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवले.

५. आता आदेशाकडे वळतो. लोहमार्ग ज्या फळ्यांवर आहे त्या भिंतीत ठोकलेल्या असून खोलीच्या दारापेक्षा रुंद आहेत. म्हणजे हा मार्ग खोलीबाहेर नेता येत नाही, तोडता तेवढा येतो. मूळ मीटरगेज मार्ग सुमारे तीन दशकांपूर्वी रुंद मार्गासाठी उखडला गेला. त्या वेळी श्री. औताडे व श्री. दस्तगीर दोघेही नोकरीत होते, आणि त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, कारण त्यातून मोठ्या गाड्या येणार होत्या. दुसऱ्यांदा तोच मार्ग उखडल्यास त्या जागी मोडक्या खुर्च्या येणार आहेत. दिल्लीहून दौलताबादेस राजधानी हलवणाऱ्या सुलतानास लोक आजही नावे ठेवतात. पण त्यानेदेखील दौलताबाद फर्निचरसाठी मोकळे केले नव्हते.

६. दि. २७ फेब्रुवारी रोजी सकाळी श्री. बोडखे खुर्च्यांसाठी भिंतींची मापे घेण्यास आले. टेप त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. कोणी काही बोलण्यापूर्वी ते लासूरला बसले, रुमालाची गाठ सोडून गोळा काढला आणि श्री. दस्तगीर यांच्या तळहातावर ठेवला. गाडी ११.२० ला सुटली. रजिस्टरातील नोंद अशी : “उशीर, २२ दिवस १९ तास १० मिनिटे. कारण, मिळकत विभाग.” त्यानंतर श्री. बोडखे यांनी टेलिफोन उचलून जे सांगितले ते श्रीमती तुपे यांनी उतरवून घेतले, त्यांना वाचून दाखवले आणि त्यावर त्यांची सही घेतली. ते शेवटचे सहपत्र आहे. अर्जदाराने वर चार पृष्ठे खर्चून जे सिद्ध केले, ते त्यात तीन ओळींत आले आहे. अर्जदारास हे विशेष सुखाचे नाही.

सबब विनंती की,

(अ) दि. १७ फेब्रुवारीचा आदेश किल्ली जमा करण्याच्या मुदतीपूर्वी रद्द करावा व तसे लेखी कळवावे.

(आ) संदर्भ क्र. १ मधील अहवाल मागे घ्यावा. नवी पाहणी करावयाची झाल्यास पाहणी करणाऱ्याने एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवून यावे, आणि येताना खिसे शिवून यावे.

(इ) मोडक्या खुर्च्या आपल्याच कार्यालयात ठेवाव्यात. तेथील धड खुर्च्यांवरही अर्जदारास तीन भेटींत कोणी बसलेले आढळले नाही.

(ई) श्री. बोडखे यांच्यावर कडक कारवाई करावी, हे कलम अर्जदाराने प्रथम मसुद्यात घातले होते. मंडळाच्या बैठकीत ते तीन विरुद्ध एक मताने वगळण्यात आले. तो एक अर्जदार होय. सबब हे कलम वगळलेले समजून वाचावे.

आपला नम्र
(हे विशेषण नमुन्याप्रमाणे घातले आहे),

सूर्यभान गायके
सचिव, मीटरगेज मित्रमंडळ

सहपत्रे :
(१) पाहणी अहवालाची प्रत, श्री. औताडे यांच्या सहीपुढील वेळ लाल शाईने दर्शवली आहे.
(२) श्रीमती तुपे यांचे एका ओळीचे निवेदन.
(३) लासूर स्थानकाच्या रजिस्टराची प्रत, ३१ सह्यांसह.
(४) कंट्रोलच्या वहीतील दि. २७ फेब्रुवारी, ११.३१ ची नोंद. ती अक्षरशः पुढीलप्रमाणे :

“लासूर ते कंट्रोल. बाई, लिहून घ्या, मी सांगतो. खोली रिकामी लिहिली ती मीच, अन् ते खोटं हाय. कोऱ्या कागदावर सह्याबी मीच घेतल्या. भरलेली लिहिली असती तर आत काय काय हाय ते लिहावं लागलं असतं, मग साहेबांनी इचारलं असतं, पाच तास तिथं काय करत व्हता? पण खरं कारण ते नाय. मला वाटलं, रिकाम्या खोलीत कोण कशाला डोकावतंय? भरलेली म्हणलं की फाइल निघती, धा साहेब बघाय येतेत. अन् तुमचा नियम, येईल त्याला खुर्ची द्यायची. आलेला साहेब लासूरच मागणार, दुसरं काय मागंल? माझ्या रिटायरमेंटला चौदा महिने हायत. तवर ही खोली कुणाला कळू द्यायची नव्हती मला. त्या मोडक्या खुर्च्यांचं मला तवा ठाव नव्हतं, आईशपथ. गायके सरांना म्हणावं, अर्जात माझं नाव खुशाल घाला, काय कारवाई व्हायची ती होऊ द्या. पण लासूर दुसऱ्या कुणाला देऊ नका.”