डाव्या कानातली झोडणी

३ नोव्हेंबर, सोमवार

सायलीनं गाण्याचा डावा हात तोडून पाठवलाय. दीड महिना लावला पोरीनं, आणि उजव्या कानात सगळं, डाव्यात भोपळा. देवळामागच्या कठड्यावर तेवढी रेंज येते, तिथनं पुण्याला फोन केला. म्हटलं, डावीकडं मेलंय सगळं.

"आजी, तिथं तुझी भाताची झोडणी आहे. गेल्या साली टेप केलेली."

"झोडणी बिडणी काय न्हाई."

"नीट ऐकलंस?"

"माझे कान काय उसने आणलेत व्हय?"

मग म्हणाली, बरं, बदलते. तिच्या मैत्रिणी सगळ्याला छानच म्हणतात, म्हणून नातीचं गाणं आधी माझ्याकडं येतं. खोटं बोलायला माझं काय अडलंय. पुढच्या शुक्रवारी, चौदाला, बाहेर पडणार. एकदा पडलं की मागं घेता येत न्हाई म्हणे. बरं झालं वेळेत सांगितलं.

५ नोव्हें., बुध.

नाचणीची कणसं खुडत दिवसभर ऐकलं. ह्या असल्या गाण्यांना सायली 'इंडी' म्हणते. पहिल्यांदा मला अंडी वाटलं, म्हटलं आज सोमवार, नको. मागं कंपनी न्हाई, पोरंपोरी घरात बसून करतात, एवढंच. सिनेमातली आता गोडमिट्ट लागतात.

सध्या कोकणातल्या पोरीची आठ गाणी सगळ्यात वर. ओळीआधी दम घेते तो ऐकू येतो, पुसलेला न्हाई. नागपूरच्या दोघा भावांची चुलीपाशी बरी, तिसरं उगा ताणलंय. कोल्हापूरचा एक मधेच खोकतो, तसंच ठेवलंय. आवडला. पुण्याचा एक नुसते उसासे टाकतो. जेव म्हणावं आधी.

एकदा लावलं की शेवटपर्यंत ऐकायचं, मधनं उडवायचं न्हाई. भाकरी थापताना लावायचं न्हाई, करपते.

पण आज सगळ्यांचंच डावं अंग बसलंय. सुनेनं बटव्यासकट गाणी ऐकायची कानातली बोंडं धुतली असणार. "आत्याबाई, म्या तुमच्या बटव्याला हात बी लावला न्हाई," म्हणते. मंदा असंच म्हणणार.

७ नोव्हें., शुक्र.

बोंडं उलटी घातली. डावं उजव्या कानात. वाजलं. उजवं डाव्यात. मुकं.

बोंड चांगलं हाय. डा. कान गेलाय.

तसंच सायलीचं लावून बघता आलं असतं. धीर न्हाई झाला.

आईचं असंच एका कानापासनं सुरू झालं. शेवटी नुसती मान हलवायची. कुणी मेलं म्हणून सांगितलं तरी हसायची. मला तसं…

दिवाळीपासनं कान खाजतोय म्हणून लसूण कढवून तेल घालतेय. आज जास्त घातलं. मंदाला सांगितलं न्हाई. हळू बोल म्हणून तिच्यावर ओरडले, ती म्हणते म्या बोललेच न्हाई.

१० नोव्हें., सोम.

बदललेलं गाणं आलं. झोडणी काढून मशीनचा ढोल घातलाय. उ. कानानं सगळं ऐकू येतं. तरी काहीतरी धावपळ वाटते. सायलीला एवढंच कळवलं, पोचलं.

उद्या सकाळची एसटी. मंदाला म्हटलं गुडघ्याचं दाखवायला जाते.

११ नोव्हें., मंगळ.

भोर. डॉक्टरीण तरणी पोर. कानात बॅटरी मारली.

"आजी, काय घातलं होतं?"

"तेल. लसणाचं."

"फोडणी दिलीत कानाला! जिरं तेवढं राहिलं."

पिचकारीनं पाणी मारलं. चिंचोक्याएवढा काळा मळ निघाला. म्हणाली, पडदा ठणठणीत हाय, पुन्हा तेल घातलंत तर माझ्याशी गाठ. म्या तीनदा विचारलं, बहिरी न्हाई ना झाले?

"नाही हो आजी. आता ओरडू नका."

ओरडत व्हते म्हणे.

स्टँडवर हॉर्न, शेंगावाला, दोन बायांचं भांडण, सगळं डावीकडनं अंगावर आलं. लई हलकं वाटलं. एकटीच हसले. शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढली.

एसटीत आधी कोकणची पोरगी लावली. मग सायलीचं पहिलं.

डावीकडं झोडणी. चार वेळा पेंढी दगडावर आपटायची, मग फिरवून घ्यायची, तेवढी जागा रिकामी. त्या जागेत पोरगी दम घेते आणि पुढली ओळ उचलते. अख्खं गाणं त्या पेंढी फिरवण्यावर बेतलंय. मशीनला पेंढी फिरवायची नसते, ते मारत सुटतं, आणि सायली त्याच्यामागं धावते.

गाणं चांगलं व्हतं. म्या मारलं.

घाटातनं घरापर्यंत तेच लावलं. चार वेळा.

१२ नोव्हें., बुध.

कठड्यावरनं तीनदा फोन केला. उचलला न्हाई. कामावर असंल.

मंदाला सगळं सांगून टाकलं. कानाचं, बटव्याचं बी. म्हणाली, "माझ्यावर आळ घेताना लई खणखणीत व्हता आवाज." बोलू दिलं. मग हळूच, "आत्याबाई, आता तिला सांगू नका. आठवडाभर कामावरनं येऊन बसली त्या ढोलापायी. रडंल पोर."

रडंल तर रडंल. माझ्या मळापायी गाणं बिघडलेलं जाऊ द्यायचं?

बोलून पाठवलं: सायली, तुझी आजी चुकली. डावीकडं काय मेलं नव्हतं, माझ्या कानात बूच व्हतं. डॉक्टरणीनं काढलं, आता बरी हाय. तुझं पहिलंच लाव. झोडणी माझी हाय म्हणून न्हाई, तिच्यात तुला दम घ्यायला जागा हाय म्हणून.

मधेच कोंबडी ओरडली. पुन्हा बोलावं म्हटलं तर तेवढ्यात गेलं.

पाठवलं आणि छातीवरचं उतरलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१३ नोव्हें., गुरु.

निळ्या खुणा उमटल्या. ऐकलंय तिनं. उत्तर न्हाई.

उद्या गाणं बाहेर. कुठलं, म्हाईत न्हाई. बदलायला वेळ उरला का, ते बी न्हाई. चिडली असंल तर शिव्या देऊ दे. धड ऐकू तरी येतील.

दुपारपासनं कठड्यावर बसलेय. जेवण हितंच आणायला सांगितलंय. फोन वाजला तर मंदानं हात लावायचा न्हाई. ती आधी जेवलीस का विचारते, आणि तेवढ्यात रेंज जाते. मीच उचलणार.