परत उडालेली तीन वाक्यं

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आज परत एक वाक्य गेलं. ‘दिवाळीत तिने खोलीच्या दारात एकच पणती लावली होती.’ सकाळी होतं. दुपारी चहा करून आले तर नाही. वरचं आणि खालचं वाक्य एकमेकांना चिकटून बसलेली, मध्ये कधी काही नव्हतंच अशी.

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेची फाइल ऑनलाइन आहे, माझा लेख तिच्यातच. ती उघडणाऱ्या दोघीच, मी आणि सुलभाताई. मंडळाचं लॉगिन एकच, पासवर्ड म्हणजे स्थापनेचं साल. बदलांचा इतिहास उघडला तर प्रत्येक ओळीपुढे मंडळाचंच नाव. माझा बदलही मंडळाचा, तिचाही मंडळाचा. कपाटाची एक किल्ली सगळ्यांनी वापरावी तसं.

मी उडवलं नाही. मग?

वाक्य परत टाइप केलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
सु.ता.ला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, “ताई, तू काल फाइल उघडली होतीस का गं?”
“मी? अगं, डोळ्यात ड्रॉप घालून पडले होते दिवसभर. या धुराने जीव घेतलाय. तुझ्याकडे गाझियाबादला काय कमी असेल म्हणा.”
बोलताना मागे कीबोर्डचा आवाज येत होता. निदान मला तसं वाटलं.

बावीस वर्षांची ओळख. कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहाच्या ऑफिसात दोघी टायपिंग करायचो. ती पर्मनंट, तेव्हा तिथल्याच एका खोलीत राहणारी; मी हंगामी. दिल्लीत मला पहिला वरणभात तिने खाऊ घातला. माझा लेख त्याच वर्षावर आहे. तिच्यावरच आहे म्हण ना.

आणि तिलाच तो खुपतोय?

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आज प्रत्यक्ष पाहिलं. साडेतीन वाजता माझ्या परिच्छेदात दुसरी रंगीत रेघ आली, म्हणजे दुसरं कुणीतरी आत लिहितंय. वर मंडळाच्या नावाची छोटी पाटी. मी बोट लावलेलं नाही आणि माझ्या लेखात मंडळ फिरतंय! फोटो काढायलाच हवा. नाहीतर कार्यवाह गोडबोले म्हणणार, वहिनींच्याच हातून उडालं.

आता या कंप्यूटरातल्या कात्रीचं काय सांगू. स्क्रीनशॉट काढायचं ते साधन, त्याच्यावर कात्रीचं चित्र आहे म्हणून मी कात्री म्हणते. तीन बटणं एकदम दाबायची. दाबली की पडदा काळवंडतो, वर एक पट्टी येते, कुठला आकार कापू विचारते. चौकोन. अगं बाई, चौकोन! तेवढ्यात नावाची पाटी विझलेली. जे पकडायचं तेच बटण दाबल्याबरोबर नाहीसं होतं. चोर यायच्या आधी शिट्टी फुंकणारा चौकीदार.

दुसऱ्यांदा जमलं. कोपऱ्यात चित्र आलं, त्याच्यावर क्लिक करेपर्यंत तेही गेलं. कुठे गेलं देव जाणे. तिसऱ्यांदा नको त्या भागाचं आलं. तोवर रेघ गेली होती, आणि बरोबर परत टाइप केलेली पणती आणि ‘ताईची निळी सूटकेस कॉटखाली कायम भरलेलीच असायची’ हेही गेलं होतं.

माझी चांगलीच वाक्यं नेमकी उडवते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
रेवाला विचारलं. म्हणाली, “आई, डिले लाव ना. दहा सेकंद. बिल्कुल सिंपल आहे यार.” लावला. दहा सेकंद श्वास धरून बसले. नवव्या सेकंदाला सिलिंडरवाल्याने बेल वाजवली. चित्रात माझी फाइल आणि वर अपडेटची सूचना, अगदी ज्या ओळीवर नको त्या ओळीवर.

जेवताना मिलिंद म्हणाला, “सरळ मोबाइलने फोटो काढ पडद्याचा.” काढला होता. सगळा पट्ट्यापट्ट्यांचा आला, मध्ये माझाच चेहरा.
“मग सरळ ताईंना विचार.”
“विचारलं. नाही म्हणाली.”
“मग नसेल.”
सरकारी माणूस. लेखी नसेल ते घडलंच नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
मंडळाची बैठक, करोल बागेत सु.ता.कडे. मेट्रोतून जाताना ठरवलं होतं, आज तिच्या डोळ्यांकडे बघायचं. पाहिलं. लाल होते. ड्रॉपचं खरं असेल.

गोडबोल्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते हसले. “मधुरावहिनी, कंप्यूटर आहे तो, भूत नाही. तुमच्याच हातून डिलीट होत असेल. पुरावा द्या, बघू.” वर आवाज चढवून सगळ्यांना, “गुरुवारी फाइल छापायला जाणार, बरं का!”

अरुणभाऊजी, सु.ता.चे यजमान, खुर्चीत शाल घेऊन बसले होते. आता फारसं हिंडत-फिरत नाहीत. म्हणाले, “मधुरा, तुझा लेख पहिला मी वाचणार. अक्षर मोठं ठेवायला सांग. हिच्या तरुणपणाचं काय काय लिहिलंयस, बघू तरी.”
“अहो, चहा थंड होतोय,” सु.ता. म्हणाली. माझ्याकडे न बघता.

निघताना तिने कारळ्याच्या चटणीची बाटली हातात दिली. एरवी डोळे भरून आले असते. आज वाटलं, ही लाच आहे. घरी येऊन झाकण उघडलं आणि परत लावलं. स्वतःची शरम वाटली, पण झाकण लावलं.

सोमवार, १० नोव्हेंबर
मिळालं!! आज कात्रीच्या नादी लागलेच नाही. पूर्ण पडद्याचं चित्र काढणारं बटण आहे, ते दाबत राहिले. रेघ, पाटी, कोपऱ्यात वेळ ३.४१, आणि ‘सात महिने ती त्या खोलीत एकटीच राहिली, करोल बागेतलं घर बसने अर्ध्या तासावर असूनही’ हे वाक्य अर्धं खोडलेलं. एका चित्रात सगळं.

तडक सु.ता.ला पाठवलं. खाली लिहिलं, ‘ताई, हे काय आहे?’

पाच मिनिटांनी चित्र स्वतः मोठं करून पाहिलं.

पूर्ण पडदा म्हणजे पूर्ण पडदा. उजवीकडे फाइल असते. डावीकडे ही रोजनिशी. नेहमीच अशी उघडी ठेवते, लेख लिहिता लिहिता इथे दोन ओळी खरडता येतात म्हणून. सकाळी जे लिहिलं होतं ते स्वच्छ वाचता येतंय. ‘सु.ता.ला माझं लिहिणं सहन होत नाही. बावीस वर्षं गोड बोलत राहिली, आत हेवाच होता.’

मेसेज पुसायला गेले. दोन निळ्या खुणा आलेल्या.

सकाळची ती ओळ तिच्या जागेवरून आता काढून टाकलीय. काढून काय उपयोग.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सकाळी साडेआठला उत्तर. ‘डावीकडचंही वाचलं गं. चष्मा आहे अजून.’
एवढंच.

फोन केला. उचलला नाही. परत केला. भाऊजींनी उचलला. “ती आंघोळीला गेलीय. काय गं, भांडलात की काय दोघी? चेहरा उतरलाय तिचा.”
“नाही हो भाऊजी.”

दुपारी रेवा कंप्यूटरवर बसली होती. म्हणाली, “आई, ये सब क्या है? एवढे सेम फोटो?” चित्रांच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर. मला जी हरवली वाटत होती ती सगळी चित्रं कात्रीने मुकाट्याने तिथे साठवलेली. एकोणतीस. माझी चहाची वेळ, माझे चुकलेले चौकोन, सिलिंडरवाल्याच्या बेलच्या वेळचं सुद्धा. कधी बोलली नाही मेली.

एकामागून एक पाहत गेले. पणती गेली. सूटकेस गेली. सात महिने गेले.

बाकी लेखाला धक्का नाही. ताईचा वरणभात आहे. ताईचं टायपिंग आहे. तिने साहेबाला सुनावलं ते आहे. मी तिची जी स्तुती केलीय ती सगळी आहे, आणि मी स्वतःवर खूश होऊन लिहिलेली लांबलचक वाक्यंही आहेत. हेवा असता तर आधी तीच गेली असती.

गेलं ते फक्त ती घर सोडून राहिली होती ते.

बावीस वर्षांत मी तिला कधी विचारलं नाही, ताई, तू तेव्हा घरी का जात नव्हतीस? तेव्हा चोवीस वर्षांची होते, कळलं नाही. पुढे कळायच्या वयाची झाले तोवर ती परत गेली होती, भाऊजी हसून चहा विचारत होते. मग मी त्याचं वाक्य केलं. एकच पणती. चांगलं दिसतं म्हणून.

तिला विचारलंही नाही.

पण तिने तरी का नाही सांगितलं? ‘मधुरा, हे काढ,’ तीन शब्द. माझ्यावर तेवढाही विश्वास नव्हता? की सांगितलं असतं तर मी पुढचं विचारलं असतं, त्याची भीती?

बघ, परत संशयच.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गोडबोल्यांचा फोन. “उद्या दहाला फाइल प्रेसला. आणि वहिनी, पुरावा मिळाला का?” म्हटलं, “नाही मिळाला. माझ्याच हातून उडत होतं.” “बघा! मी म्हटलं नव्हतं?” बिचारा केवढा खूश झाला.

एकोणतीस चित्रं पुसली.

जेवताना चटणीची बाटली उघडली. मिलिंद म्हणाला, “ताईंची ना? वाटलंच.”

माफीचा मेसेज चारदा लिहिला, चारदा खोडला. मोबाइलवर तिचं नाव आणि त्याखाली माझं ‘हे काय आहे’ असताना काही सुचेना. मग फाइल उघडली. परत परत टाइप केलेली तिन्ही वाक्यं या वेळी मीच काढली. पणतीच्या जागी लिहिलं, ‘ताई, चुकलं माझं. इथे काय ठेवू ते तू सांग. काहीच नको असेल तर काहीच नको.’

३.३५. तिची रोजची वेळ झाली.

रेघ आली. लेखाच्या सुरुवातीला थोडी थांबली, मग सावकाश खाली उतरली. माझ्या ओळीशी आली. नावाची पाटी उमटली, मंडळाची.

आज कात्री नाही. पडदा काळा नाही.

एक अक्षर उमटलं. ‘प’. पुसलं गेलं. परत ‘प’.

पणतीचा, की ‘परत विचारू नकोस’चा?

मी डावीकडे हे लिहितेय. उजवीकडे ती ‘प’पाशी थांबलीय.