हवा काढलेला केक

सोमवार, ९ मार्च
आजपासून नोंद ठेवणार. येत्या रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं चहाला येताहेत आणि त्यांच्यासाठी चॉकलेट केक मी करणार आहे. झालं ते असं. काल जेवताना मुलगी म्हणाली, आईचा केक म्हणजे नुसता कापूस. मी सहज म्हणालो, त्यात काय एवढं, कालवायचं आणि भाजायचं. काँक्रीट तपासायच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं मी दुसरं काय करतो? हिने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, मग रविवारचा तुम्हीच करा.
उत्तम. आठवडा हातात आहे. दोन दिवसांत जमेल.

मंगळवार, १० मार्च. पहाटे ५.३०
देवापुढे बसलो. केकसारख्या गोष्टीसाठी देवाला त्रास देणं बरं नव्हे. फक्त हिला सद्बुद्धी दे म्हणालो.

संध्याकाळी ७
पहिला केक. हिची कृतींची वही ओट्यावरच सापडली. विसरली असावी. अंडी आणि साखर फेटल्यावर भांडंभर फेस आला. फेस म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे कमजोरी. लॅबमध्ये आम्ही साच्यात काँक्रीट तीन थरांत भरतो आणि प्रत्येक थराला सळईने पस्तीस ठोके देतो. आत हवा राहिली तर ठोकळा मशीनखाली लवकर फुटतो. तसंच केलं. लाकडी चमच्याचा दांडा, तीन थर, थराला पस्तीस ठोके. मुलगी दारातून म्हणाली, बाबा, केकला हवा लागते. म्हटलं, खिडकी उघडी आहे.
केक दोन बोटं उंच झाला. मैदा जुना असावा.

बुधवार, ११ मार्च
नवा मैदा. ठोके चाळीस. केक दीड बोट.
ओव्हन डाव्या बाजूने कमी तापतो. शिवाय ही बाहेर मटार सोलत बसली होती आणि मुलीला विचारत होती, आज चाळीस का गं? कोणी बाहेर बसून मोजत असेल तर मन एकाग्र कसं व्हायचं?

गुरुवार, १२ मार्च
केकचा तुकडा लॅबमध्ये नेला. आमचा मशीनवाला, जो ठोकळे फोडतो, त्याने चहात बुडवून बराच वेळ चघळला. म्हणाला, साहेब, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवा, अजून मजबूत होईल. आमचे ठोकळे तसे पाण्यात ठेवतात. मी हसलो नाही. मग म्हणाला, वहिनींना विचारा की. हा स्वतः मोजे कुठले घालायचे तेही बायकोला विचारतो.

शुक्रवार, १३ मार्च
केक नाही. दाढ दुखते आहे.
मुलगी लवंग घेऊन आली आणि शेजारी बसली. म्हणाली, बाबा, वीस वर्षं घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला आई पहाटे उठून केक करते, आणि तुम्ही म्हणालात, कालवायचं आणि भाजायचं. तिला लागलंय ते. एकदा सॉरी म्हणा, ती सगळं सांगेल. मी म्हणालो, चूक असती तर म्हटलं असतं. ती म्हणाली, निदान त्यांच्यासमोर माझी शोभा करू नका. माझ्यावर विश्वास ठेव, म्हणालो. तिने लवंगांची डबी माझ्याजवळच ठेवली.

शनिवार, १४ मार्च
तीन केक, बारा अंडी. पहिला करपला. दुसऱ्याबद्दल लिहीत नाही. तिसरा टिनमधून सुटेना, म्हणून टिन उलटा करून जमिनीवर आपटला. फरशीचा टवका उडाला. केक शाबूत.
उद्या ठोके वीसच. ही माघार नाही, सुधारणा आहे.
देवाशी आज केकबद्दल स्पष्टच बोललो.

रविवार, १५ मार्च. सकाळी ११
केक तयार. उंची दोन बोटं, पण वर पिठीसाखर भुरभुरल्यावर देखणा दिसतो. शेवटी माणसं चहाला येताहेत, मोजपट्टी घेऊन नाही.

संध्याकाळी ७
होणाऱ्या व्याह्यांनी सुरी लावली. सुरी आत गेली नाही. त्यांनी उभं राहून जोर दिला, तेव्हा केक ताटलीसकट सरकला. विहीणबाईंनी विचारलं, आत्ताच फ्रीजमधून काढला का? मुलगी खाली बघत होती. मी सांगणारच होतो. घसा साफ केला. तेवढ्यात ही म्हणाली, आज माझाच हात बिघडला, घाई झाली. मग विहीणबाई हिला समजावू लागल्या. फेटलेली हवा जपायची, हलक्या हाताने मिसळायचं, टिन आपटायचा नाही. ही मान डोलावत हो, हो, असं का, म्हणत ऐकत होती. वीस वर्षं केक करणारी बाई. चांगली दहा मिनिटं चाललं ते. मी बिस्किटांची बशी पुढे केली.
ते गेल्यावर माफी मागायची असं पक्कं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ही केक कचऱ्यात टाकत होती. मी म्हणालो, विहीणबाई जरा जास्तच बोलतात, नाही?
हं, म्हणाली. हात पुसले, दिवा बंद केला आणि बाहेर गेली. मी आतच होतो.