क्रमांक अकराच्या चार ओळी

बाबा, परवा मी वारज्यातल्या एका जाहिरात केंद्रात गेलो होतो. ग्राहक म्हणून. तुम्ही जिला कधी पाहिले नाही त्या तुमच्या सुनेला जाऊन येत्या रविवारी वर्ष होते, आणि वर्तमानपत्रात प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची होती. काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी होती. तिने फोटो घेतला, नाव आणि तारीख दोनदा तपासली, ते मला बरे वाटले. मग म्हणाली, "काका, कविता टाकायची ना? रेडी आहेत आपल्याकडे," आणि तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आईसाठी, वडिलांसाठी, पत्नीसाठी, पतीसाठी, आणि सर्वांत शेवटी अकाली निधन. प्रत्येक सदराखाली क्रमांक, प्रत्येक क्रमांकाखाली चार ओळी. ती मांडणी मी ताबडतोब ओळखली. ती माझी होती, आपल्या केंद्रासाठी मी केलेल्या फाइलमधली. अकाली निधन शेवटी यायचे कारण एवढेच, की शेवटच्या रविवारी माझे टंकलेखन तिथपर्यंत पोहोचायला संध्याकाळ झाली होती. तीस वर्षांत ती फाइल झेरॉक्स होत होत ह्या केंद्रातून त्या केंद्रात गेली असणार, आणि कुणालाही तो क्रम बदलावासा वाटला नाही.

नारायण पेठेतले आपले केंद्र एवढे अरुंद होते, की तुम्ही खुर्ची मागे सरकवली की भिंतीवरचे कॅलेंडर हलत असे. भाड्याने जागा, वधू-वर, हरवले-सापडले ह्या जाहिराती तुम्ही दोन मिनिटांत उरकत होता. पण कुणी फोटो घेऊन आला, की तुम्ही आधी स्टूल पुढे करायचे, पाणी द्यायचे, आणि नाव, वय, तारीख यांतले काहीही न विचारता एकच प्रश्न करायचे : "काय करायच्या त्या, सकाळी उठल्यावर?" लोक गोंधळत. काहींना रागही येई. 'काळाने घाला घातला' किंवा 'आधारवड कोसळला' अशी ओळ मनात धरूनच ते आलेले असत. तुम्ही ती ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचे. मग हळूहळू ते बोलू लागत, आणि तुम्ही फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहू लागायचे. स्वतःला तुम्ही कवी म्हणवून घेतले नाही. "मी जाहिराती घेतो," एवढेच सांगायचे.

वारज्याचा तो माणूस आला तेव्हा मी नुकताच पदवीधर होऊन तुमच्या शेजारी बसू लागलो होतो. त्याची आई गेली होती. वारजे तेव्हा खेडेच होते. कालव्याच्या कडेला त्यांचे भाजीचे वावर होते. लिहिणाऱ्या कुणालाही तो मास्तर म्हणत असावा.

"काय करनार, मास्तर? पाटी उचलायची आन् मंडईत जायची."

"आणि परत आल्यावर?"

"परत आली की आदी पाय धुवायची. पाय धुईस्तवर कुनाशी बोलायची न्हाय. किती बी हाका मारा. एकदा का पाय धुतलं, की मग सुरू!" तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटले.

तुम्ही पाऊण तास घेतला. बाहेर पायरीवर दोन माणसे ताटकळत होती, म्हणून माझे लक्ष घड्याळाकडे होते. मग तुम्ही कागद त्याच्यापुढे सरकवला.

पाय धुतल्याविना तू घरात कधी बोलली नाहीस.
उंबऱ्याशी तांब्या भरून ठेवला आहे, आई.
पाय धू,
आणि बोल.

त्याने ओळीखाली बोट धरून ते वाचले. मग म्हणाला, "ही आमचीच म्हातारी," आणि कागदाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

तो गेल्यावर मी तुम्हांला विचारले, की गेलेली बाई पाय कशी धुणार, आणि तिला हे वर्तमानपत्रातून सांगण्यात काय हशील, ती ते वाचणार आहे का. तुम्ही चष्मा न काढता म्हणालात, "तू नुकताच बी.कॉम. झाला आहेस, त्यामुळे तुला सगळं माहीत असणं स्वाभाविक आहे."

कदाचित त्याच वाक्याच्या रागाने मी ती फाइल केली. वरवरचे कारण मात्र अगदी बिनतोड होते : माणसे खोळंबतात, संध्याकाळी पाचला वर्तमानपत्राकडे मजकूर जावा लागतो, आणि तुम्ही प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करता. तुमच्या जुन्या फॉर्मांच्या कार्बन प्रती कपाटात होत्या. तीन रविवार बसून मी त्यांतल्या निवडक ओळी टंकलिखित केल्या, नावे आणि गावे काढून टाकली, सदरे पाडली, क्रमांक दिले, पाने प्लॅस्टिकच्या कव्हरात घातली. तुम्ही ती शेवटपर्यंत चाळलीत. "फाइल नेटकी झाली आहे," म्हणालात. "फक्त कुणालाही बसणारा सदरा कुणाच्याच मापाचा नसतो, एवढं लक्षात ठेव." आणि ती सर्वांत खालच्या खणात ठेवून दिलीत. मला तेव्हा वाटले, तुम्हांला माझ्या पद्धतशीरपणाचा हेवा वाटतो. माणूस तेविसाव्या वर्षी काहीही समजू शकतो.

पुढच्या वर्षी तुमच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आठ दिवस केंद्र माझ्याकडे आले. वारज्याचा माणूस आईच्या पहिल्या वर्षाची जाहिरात आधीच देऊन गेला होता. त्याच चार ओळी पुन्हा छापायच्या होत्या. त्याच दिवसासाठी सदाशिव पेठेतले एक गृहस्थ आले, त्यांचीही आईच गेली होती. त्यांना घाई होती. मी खालच्या खणातून फाइल काढली. त्यांच्या जाहिरातीत क्रमांक अकरा गेला. मी नावे तपासली, तारखा तपासल्या, फोटोंची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींच्या मागे खुणा केल्या. दोन जाहिराती एकाच पानावर, एकीखाली एक येतील, आणि दोन्हींत अक्षरशः त्याच चार ओळी असतील, हे मात्र माझ्या कुठल्याच तपासणीत बसत नव्हते.

छापून आले त्या सकाळी तुम्ही डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून केंद्रात येऊन बसला होता. आधी सदाशिव पेठ आली. "अहो, आमच्या मातोश्री नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या," ते म्हणाले. "त्या पाय धुवायला उठल्या असत्या, तर आम्ही गल्लीत पेढे वाटले असते. आपण त्यांना थेट उंबऱ्यापर्यंत चालवत आणलंत. अभिनंदन!" तुम्ही हात जोडून क्षमा मागितलीत. ते जायला निघाले, दारात थांबले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "ओळी वाईट नाहीत हो. आमच्या नाहीत, एवढंच."

दुपारी वारज्याचा माणूस आला. तुम्ही स्टूल पुढे केले. तो बसला नाही. त्याने घडी केलेले वर्तमानपत्र खिशातून काढले, उलगडले, आणि दुसऱ्या फोटोवर बोट ठेवले.

"मास्तर, ह्या बाई बी पाय धुवायच्या का?"

तुम्ही डोळ्यावरची पट्टी सावरलीत. मी फॉर्मांची चवड नीट करू लागलो.

"न्हाय, धुवत असत्याल," तो म्हणाला. "इचारलं आपलं." त्याने पानाची पुन्हा तशीच घडी घातली, आणि तो निघून गेला. तो भांडला असता तर मी त्याला उत्तर दिले असते. माझी उत्तरे तयार होती.

संध्याकाळी तुम्ही एवढेच विचारलेत, "अकरा कुणी निवडली?" मी म्हणालो, "त्यांनीच." तुम्ही मान हलवलीत. त्या दिवसानंतर तुम्ही फॉर्मच्या मागे काही लिहिले नाही. कुणी फोटो घेऊन आला, की तुम्ही खालच्या खणातून माझी फाइल काढायचे आणि त्याच्यापुढे ठेवून खिडकीबाहेर पाहत बसायचे. स्टूल देत होता, पाणी देत होता. प्रश्न विचारत नव्हता. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या जाहिरातीत नाव होते, तारखा होत्या, दहाव्याचे ठिकाण आणि वेळ होती. आईने ती वाचून विचारले, "यांच्यासाठी चार ओळी नाहीत?" मी म्हणालो, "त्यांना फाइलमधल्या चालल्या नसत्या." ते खरे होते. दुसरे लिहायला मला येत नव्हते, हेही खरे होते, पण ते मी बोललो नाही. केंद्र मी दुसऱ्याच्या हवाली केले, फाइल त्यातच राहिली, आणि मी नोकरी धरली. आता खराडीला जातो, काचेच्या इमारतीत. तिथे माझ्या काटेकोरपणाचे कौतुक होते.

परवा ती मुलगी म्हणाली, "काका, अकरा नंबर सगळ्यात जास्त जातो. आईसाठी आहे, पण 'आई' काढून मी पत्नीसाठी चेंज करून देते." मी विचारले, हीच का जाते? तिने खांदे उडवले. "काय माहीत. लोक वाचतात, मग थोडा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, हीच द्या." इतकी वर्षे माझी समजूत होती, की त्या ओळी एका बाईपुरत्या खऱ्या होत्या आणि इतर सर्वांसाठी खोट्या. पण ज्यांच्या घरात पाय धुवून बोलणारे कुणीच नव्हते, ती माणसे त्या काउंटरवर गप्प का बसत असतील? आपल्या माणसाविषयी इतके बारीक काही कुणीतरी पाहायला हवे होते, आणि ते पाहायचे राहून गेले, हे बहुधा त्यांना तिथे उभ्या उभ्या कळत असेल. तुम्ही असता तर ह्याहून नेमके सांगितले असते. किंवा काहीच सांगितले नसते.

मी मुलीला म्हणालो, मी स्वतः लिहून आणतो. घरी येऊन फॉर्मची मागची बाजू पुढे घेतली आणि तुमचा प्रश्न स्वतःला विचारला. ती पाच चाळीसला उठायची. सत्तावीस वर्षे. मी सहा वीसला उठायचो, तेव्हा चहा तयार असायचा. चहाला चाळीस मिनिटे लागत नाहीत. उरलेल्या वेळात ती काय करत होती, हे मला माहीत नाही. तिच्या औषधांच्या वेळा मला आजही तोंडपाठ आहेत. विचारायला घरात आता कुणी नाही, आणि ती असताना मला ते विचारण्यासारखे वाटले नाही. आज बुधवार. उद्या दुपारी बारापर्यंत फॉर्म द्यायचा आहे. कागद कोराच आहे, आणि बहुधा तसाच जाईल.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक दुरुस्ती इथे करून ठेवतो. सदाशिव पेठेतल्या त्या गृहस्थांनी क्रमांक अकरा निवडला नव्हता. फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "कुठलीही घाला," म्हणाले होते. अकरा मी निवडली. आईसाठी आणखी दहा होत्या. पण ती एकच मला फाइल न पाहता म्हणता येत होती, आणि ती मला पुन्हा छापलेली वाचायची होती.