मिठाचे पाय

प्रिय आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक ओळ लिहून मोठ्याने वाचतेय. बाबांनी ओल्या मिठात माझं बोट धरून गिरवलेली अक्षरं आज तुझ्या कामी आली बघ! मला सातवा महिना लागलाय आणि आज सकाळी जोडवी बोटांत रुतली होती. हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. तो खळगा माझ्या ओळखीचा होता गं! कळव्याच्या घरी तुझे पाय चेपताना असेच खळगे पडायचे. मी घाबरले की तू हसून पाय मागे घ्यायचीस.

"मना कय व्हनार हाय बाय? मिठाचं पाय हान हे."

आपल्याकडे तो शब्दच होता. दिवसभर मिठागरातल्या खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, मग पाय भेगाळणार, सुजणार. सगळ्याच बायांचे तसे. तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत, पाय तर जगासमोर उघडेच होते! तरी ते कुणाला दिसले नाहीत. त्यांना नाव होतं ना.

पण आये, पावसाळ्यात मिठागर बंद असतं. तेव्हाही सूज उतरली नाही, तर तू शेतातल्या पाण्याला दोष दिलास. आणि रात्री उशाला टेकून बसून झोपायचीस, धाप लागायची, ते कुठल्या पाण्यामुळे? एवढं तरी खरं सांगायचंस!

चेहराही सुजला तेव्हा शेजारची काकी म्हणाली, "यंदा भरलीस गो!" तू लाजलीस. जन्मभर काटकी म्हणून चिडवलेली बाई. त्या एका शब्दाने किती खुलली होतीस!

ठाण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, हृदय थकलंय, पाणी अंगात साठतंय, अळणी जेवा. वाटेत तू पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. "मिठागराच्या घरान अलनी? लोका हसतील गो!" मीही हसले होते. ते हसणं अजून कानात आहे, आणि तेच परत ऐकावंसं वाटतं. काय करू?

तू गेलीस तेव्हा सुजलेल्या बोटांतून जोडवी निघालीच नाहीत. बाया म्हणाल्या, भाग्याची, अहेव गेली. मला त्यांचं भाग्य नको होतं, तू हवी होतीस.

म्हणून आज ठरवलं, पाय डॉक्टरांना दाखवायचे. पण जोडवी काढायची कशी? नवरा जिवंत असताना पाय मोकळे केले तर सासूबाई काय म्हणतील? घाबरत त्यांच्यापुढे पाय ठेवले. त्यांनी खोबरेल चोळून, हळूहळू फिरवत दोन्ही काढली.

"कुंकू कपालाव हाय ना? मंग जोडवी गल्यान घाल. देवाला सगला दिसतं."

आणि तशाच मला घेऊन कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या.

बाईंनी रक्तदाब पाहिला, लघवी तपासली. सध्या ठीक आहे म्हणाल्या. फार वेळ उभी राहू नकोस, बसताना पाय वर घे, डाव्या कुशीवर नीज. सूज रात्रीत उतरली तर घाबरू नकोस. पण तोंड किंवा हात सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी ये, असं दोनदा बजावलं. मी ते घरी येईपर्यंत मनात घोकत होते. माझा स्वभाव तुला माहीतच आहे!

आता पाय उशीवर ठेवून लिहितेय. काळ्या दोऱ्यात ओवलेली जोडवी गळ्यात आहेत, वाकले की वाजतात. तू चुलीजवळून उठताना तुझ्या जोडव्यांचा यायचा तसा आवाज येतो आणि मी मान वर करून बघते.

आये, वचन देते. माझे पाय सुजले तर मी त्यांना सूजच म्हणेन. आणि होणारं लेकरू कधी माझ्या पायाला बोट लावून "हे काय?" असं विचारेल, तर हसून पाय मागे घेणार नाही.

तुझीच,
बाय